भोपाळी कूलर आणि माझी बी.एस्सी.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं. आई चौथी शिकलेली, बाबा सातवी. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि सातवीनंतर शाळेत जे काही शिकवतात त्यानं एक नटसुद्धा सैल होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माझी बी.एस्सी.ची गुणपत्रिका त्यांनी कपाटात कुलपाखाली ठेवली होती, आल्यागेल्याला काढून दाखवत, आणि तो गेला की मला म्हणत, "फ्यूज बांधता येते का तुले?"

मला बांधता येत होता. पण त्यांनी कधी बांधू दिला तर ना.

रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून ट्रक भरभरून सरकारी माणसं आली. आमच्या पाऱ्यात, म्हणजे रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या वस्तीत, ज्याच्या घरी एक खोली जास्त होती तो घरमालक झाला. शेजारची काकी छत्तीसगढची. तिच्या माडीवर एक बाबू आला, त्याच्याबरोबर त्याचा पत्र्याचा कूलरही आला. मार्चमध्ये बाबूला सरकारी घर मिळालं आणि कूलर काकीच्या अंगणात राहिला. पहिल्याच आठवड्यात काकीची कोंबडी त्याच्या टाकीत जाऊन अंड्यांवर बसली.

आईची त्या कूलरवर नजर होती. मागच्या उन्हाळ्यात तिला लू, म्हणजे दुपारच्या तापलेल्या वाऱ्याची झळ, लागली होती, तीन दिवस कांद्याचा रस तळपायाला चोळून काढले होते. तिनं काकीशी सौदा केला: दोन डबे कुरडया, बदल्यात कूलर. काकी म्हणाली, "हव, ले जा. फेर कुकरी ला उठन दे." म्हणजे ने, पण कोंबडी उठू दे. त्यामुळे आमचा सौदा एकवीस दिवस लांबला. कोंबडीपुढे कोणाचं चालतं? पिल्लं निघाली, कोंबडी उठली, आणि मे महिना लागता लागता मी आणि आईनं तो कूलर दोन्ही बाजूंनी धरून आमच्या ओट्यावर आणला.

त्याच सुमारास मला पत्र आलं. सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात प्रयोगशाळा होती, तिथे खनिजाचे नमुने तपासायला माणूस हवा होता. मी अर्ज केला होता, मुलाखतही देऊन आले होते, घरी सांगितलं होतं की मैत्रिणीकडे जाते. पत्रात लिहिलं होतं, जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"कारखान्यात पोरी नाही जात."

"प्रयोगशाळा आहे बाबा. पंख्याखाली बसायचं."

"मी तीस वर्षं शॉपमध्ये काढली. कुठं काय तापलं हाय, कुठं काय फिरून राहिलं, हे ज्याले हातानं समजत नाही त्याचं तिथं काही काम नाही. तुले मशीन समजते का?"

"समजते."

हे बोलायला नको होतं. पण मी तशीच आहे.

बाबांनी ओट्यावरच्या कूलरकडे पाहिलं. त्याच्या टाकीत अजून कोंबडीची पिसं होती. "मंग हा चालवून दाखव. मी हात नाही लावणार. नवतप्याच्या पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता ह्या खोलीत मले झोप लागली, तं तू सिलतऱ्याले जा. नाही लागली तं पत्र फाडून टाकू."

नवतपा म्हणजे मेच्या शेवटाचे ते नऊ दिवस, जेव्हा आमच्याकडे कावळासुद्धा पंख पसरून सावलीत चोच उघडी टाकून बसतो. त्यातून बाबांना दिवसा कधी झोप येत नसे. वर्कशॉपमध्ये दुपारी डोळा लागला की बोट जातं, म्हणून जागं राहायची त्यांना लागलेली सवय. मला वाटतं अट घालताना त्यांना हे चांगलं आठवत होतं.

मी म्हटलं, चालेल.

दुसऱ्या दिवशी मी कूलर उघडायला घेतला. उघडायला म्हणजे काय, एकही स्क्रू फिरेना. रॉकेल टाकून ठेवलं, संध्याकाळी पुन्हा लागले. बाबा ड्यूटीवरून येऊन समोर खाटेवर बसले. हात लावणार नव्हते, पण डोळे लावून होते. मी पक्कड घेऊन नट धरला की ते तोंडानं असा आवाज काढत जसं त्यांच्याच दातात काही अडकलं आहे. तिसऱ्या दिवशी दहा नंबरचा पाना गायब झाला. सगळं घर शोधलं. मग बाबांच्या डब्याच्या पिशवीत सापडला.

"नटाचे कान गोल करून राहिली होती तू," ते म्हणाले. "मले पाहवलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांची तंबाखूची पुडी गायब झाली. तासाभरानं पाना माझ्या हातात आला, पुडी त्यांच्या हातात गेली. आईनं दोघांकडे पाहून कपाळावर हात मारला.

टाकीत काय काय निघालं म्हणून सांगू. पिसं, अंड्यांची टरफलं, एक तुटका चमचा, आणि तळाच्या भोकात कागदाचा एक घट्ट बोळा. तो उलगडला तर जुन्या राज्याचा रजेचा छापील अर्ज, तोही कोरा. तो कोंबून बाबूनं गळती थांबवली होती. मी तो बोळा फेकला, तळ घासला, विस्तवावर डांबर पातळ केलं आणि टाकीला आतून दोन हात दिले. डांबराचा वास आठ दिवस आमच्या पोळ्यांना येत होता. आई म्हणाली, "नोकरी लागायच्या आधीच कारखाना घरी आणला पोट्टीनं."

पंप तर दगड झाला होता. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षारी की तांब्या आठवड्यात पांढरा पडतो. पंपाचा पंखा त्या पांढऱ्या थरात रुतून बसला होता. इथे माझी केमिस्ट्री कामी आली. आईनं सरबतासाठी लिंबूसत्त्वाचा डबा ठेवला होता. मी गरम पाण्यात निम्मा डबा ओतला आणि पंपाचा तो पंखा त्यात बुडवला. फसफस फेस आला, सकाळी चक्र बोटानं फिरायला लागलं. मी बाबांना फिरवून दाखवलं.

"हं," बाबा म्हणाले.

आईनं डबा उघडून पाहिला. ती "हं" नाही म्हणाली.

पाणी पाडायच्या नळीची भोकं मी दाभणानं मोकळी केली. मोटारीच्या बुशात तेल सोडलं. कूलरच्या बाजूंना लावतात त्या जाळीच्या ताट्यांमधली जुनी घास काळी होऊन कुजली होती, ती काढून नवी भरली; बाजारात कूलरची घास म्हणून लाकडाचे कुरळे धागे मिळतात, ते. आईच्या हट्टापायी एका ताटीत वाळा घातला. कूलरच्या पत्र्याला अर्थिंगची तार जोडली, कारण दर उन्हाळ्यात कुठल्या तरी गल्लीत कूलर कोणाला चिकटवतोच. ते पाहून बाबांनी पहिल्यांदा मान हलवली, पण मी पाहते आहे म्हटल्यावर मान खाजवली.

आता मोटारीचं सांगते, आणि यात चूक माझीच. मोटारीतून तीन तारा निघतात, त्यातल्या दोन कंडेन्सरला जातात. कंडेन्सर फुगला होता म्हणून मी बदलला. काढताना वहीत प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी सुबक आकृती काढून ठेवली होती, बाणांसकट. पण तारांचे रंग मळानं सारखेच काळे झाले होते आणि आकृतीत मी लाल-निळा असं लिहिलं होतं. तरी मी जोडलं. वही माझ्या बाजूनं होती ना.

कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर चढवला, तोंड खोलीकडे. टाकी भरली, पायात चप्पल घातली, लाकडी पाटावर उभी राहिले आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, फिरला, वेग घेतला. बाबा खाटेवर मांडी घालून बसले होते. आई पदर सावरून उभी. आम्ही तिघंही वाऱ्याची वाट पाहत होतो.

वारा आला नाही. उलट खिडकीचा पडदा हळूहळू कूलरकडे गेला आणि जाळीला जाऊन चिकटला. भिंतीवरचं कॅलेंडर त्याच दिशेला उचलल्यासारखं झालं. मी जाळीसमोर हात धरला. काही नाही.

तेवढ्यात गल्लीतून काकीचा आवाज आला, "अब्बड़ जुड़ लागत हे वो!"

म्हणजे किती गार वाटतंय. मी बाहेर जाऊन पाहिलं. काकी तिची बाज ओढत ओढत आमच्या कूलरच्या मागे घेऊन आली होती. तिच्या शेजारी गल्लीचा कुत्रा चारी पाय पसरून पडला होता. ताट्यांमधून गार हवा आणि बारीक तुषार दोघांच्या अंगावर पडत होते. पंखा उलटा फिरत होता. आमच्या खोलीतली हवा ओढून मी सगळी गल्ली गार करत होते.

आत आले तर बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

"गल्लीत थंड हवेची पचमढी केली पोरीनं," ते भिंतीला म्हणाले.

"ही एक्झॉस्टची चाचणी होती," मी म्हटलं.

"हाव. पास झाली."

मी बटण बंद केलं. काकी बाहेरून ओरडली की काहून बंद केला, आताच तर डोळा लागत होता. दहा मिनिटांत मी कंडेन्सरवरची एक तार इकडची तिकडे केली. दहा मिनिटांतली नऊ मी नुसती बसून विचार करत होते. पुन्हा बटण दाबलं आणि गार वाऱ्याचा असा झोत आला की बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र उलटलं. काकी आपली बाज उचलून गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

मला वाटलं, जिंकले. सिलतऱ्याला कुठली चप्पल घालून जायची तेही ठरवून टाकलं.

पण अर्ध्या तासानं खोली गार राहिली नाही, चिकट झाली. अंगाला कपडे चिकटायला लागले. दुपारी आईनं डब्यातले पापड काढले तर ते रुमालासारखे लोंबले. बाबांनी एक पापड दोन बोटांत धरून माझ्यासमोर हलवला.

कारण मला लगेच कळलं. आईनं मागची खिडकी बंद केली होती. आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी घर कसं असतं? दारं लावलेली, खिडक्या लावलेल्या, फटीत फडकी कोंबलेली. भंडाऱ्याला माझ्या आजोळी तेच, इथे तेच. लू घरात शिरता कामा नये. आणि आता तर कूलरची महागाची ठंडी, ती कोणी बाहेर जाऊ देईल का?

मी आईला समजावलं. पाण्याची वाफ होते, हवेतली उष्णता जाते, पण दमट झालेली हवा बाहेर निघाली नाही तर नवी हवा काही करू शकत नाही. कूलरच्या समोर येणारी ती मागची खिडकी उघडी पाहिजे.

आई तांदूळ निवडत होती. "म्हंजे एकीकडून गार करा लागते न् दुसरीकडून सोडून द्या लागते."

"हो."

"तुह्या पुस्तकात असंन. माह्या घरात नाही."

मी मागची खिडकी उघडायची, आई बंद करायची. मी उघडायची, बाबा बंद करायचे, कारण या एका बाबतीत दोघांचं लग्नानंतर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. असे पाच दिवस गेले आणि नवतप्याचा पहिला दिवस उद्यावर आला. तो योगानं रविवार होता. बाबांनी परीक्षक म्हणून त्यांच्या शॉपमधल्या एका दोस्ताला जेवायला बोलावून ठेवलं होतं. मी त्यांना काका म्हणत असे. मोठे सरळ माणूस, खोटं बोलणार नाहीत, म्हणूनच बोलावले होते.

रात्रभर मी विचार केला. खिडकी मी उघडून उपयोग नव्हता. ती आईनंच उघडायला पाहिजे होती.

मागची खिडकी काकीच्या अंगणावर उघडते. काकीची बहीण दर रविवारी बिरगावहून येते आणि दोघी कडुलिंबाखाली बसून दुपारभर बोलतात. सकाळी भाजी चिरता चिरता मी आईला सहज म्हटलं, "काल काकी अंगणात कोणाला तरी म्हणत होती, उद्या बहीण आली की तिला सांगायचं आहे. आपल्याबद्दलच काही होतं वाटते."

"आपल्याबद्दल काय?"

"मला काय माहीत. मी आत होते."

हे धादांत खोटं होतं. मी कबूल करते.

दुपारच्या जेवणाला बासी केली होती, रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा आणि आंब्याची चटणी. इथली माणसं सांगतात, बासी खाल्ली की माणूस हातात हातोडा असला तरी झोपतो. बाबांना बासी फार आवडायची. ताट पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बासी काहून आज?"

"ऊन आहे ना बाबा."

"चालाखी करून राहिली." तरीही दोनदा घेतली. त्यानंतर मात्र लागोपाठ दोन कप काळा चहा प्यायले, तंबाखू चोळली आणि खाटेवर भिंतीला पाठ लावून ताठ बसले. काका समोर चटईवर. मी कूलर लावला. दोन वाजले.

बाबा मोठ्यानं वर्तमानपत्र वाचू लागले. राजधानीचे रस्ते रुंद होणार, राजधानीत अमुक होणार, तमुक होणार. काका दर ओळीला "हाव" म्हणत होते. खोली हळूहळू दमट व्हायला लागली. मी दारात बसून आईकडे पाहत होते. ती मागच्या खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. एरवी मेथी स्वयंपाकघरात निवडते.

अडीचच्या सुमारास अंगणात बोलणं सुरू झालं. आईनं कान लावला. मग एक फडकं काढलं. मग खिडकी दोन बोटं उघडली. मी श्वास धरून बसले. आणि खरंच सांगते, यात माझा काही हात नाही, काकीचा आवाज स्पष्ट आत आला, "कबाड़ ला दे देंव, अउ दू डब्बा कुरडई पा गेंव." भंगार दिलं आणि दोन डबे कुरडया मिळवल्या, असं बहिणीला सांगून हसत होती.

आईनं खिडकी भिंतीपर्यंत उघडली.

वारा कूलरमधून आला, खाटेवरून गेला आणि मागच्या खिडकीतून काकीच्या अंगणात निघून गेला. चिकटपणा गेला. वाळ्याचा वास खोलीभर झाला. काकांचं "हाव" आधी लांबलं, मग थांबलं. त्यांची मान छातीवर गेली. बाबा वाचत राहिले, पण एकाच ओळीवर. "रस्त्यांचं रुंदीकरण... रस्त्यांचं..." वर्तमानपत्र त्यांच्या पोटावर आलं. ते तिरके झाले, मग आडवे.

साडेपाच वाजता काका दचकून उठले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते बाबांना हलवायचं. बाबांनी डोळे उघडले. गालावर खाटेच्या सुतळीचे चौकोन उमटले होते.

"झोपलो नव्हतो," ते म्हणाले.

मी काकांकडे पाहिलं. काका माझ्याकडे पाहिनात. "पोरी, मी खोटं नाही बोलत," ते म्हणाले. "भाऊ झोपला का नाही, मी नाही सांगू शकत. मीच आधी गेलो."

बाबा उठून बसले. चेहऱ्यावर हळूहळू तेज यायला लागलं. "मंग? कोणी पाहिलं? मी डोळे मिटून पडलो होतो. विचार करून राहिलो होतो."

मी पाहिलं होतं. पण माझा शब्द कोण धरणार, परीक्षा माझीच होती. पत्र बाबांच्या खिशात होतं, त्याचा कोपरा मला दिसत होता.

तेवढ्यात आई खिडकीपासून आमच्याकडे वळली. नोकरीबद्दल ती महिनाभर एक अक्षर बोलली नव्हती, ना हो ना नाही. निवडलेल्या मेथीपेक्षा न निवडलेली जास्त होती.

"विचार करून राहिले होते?" ती म्हणाली. "तीन तास घोरून राहिले तुम्ही. ती बाई माह्या कुरडयांबद्दल काय काय बोलली, त्यातलं अर्धंबी ऐकू नाही आलं मले. दोनदा म्हटलं, कूस बदला. बदलली का? नाही. आन म्हणे विचार."

काका खाली पाहून चटईची काडी तोडू लागले.

बाबांनी बराच वेळ कूलरकडे पाहिलं. मग उघड्या खिडकीकडे. मग खिशातून पत्र काढलं, चष्मा लावला आणि तिसऱ्यांदा वाचलं, जणू त्यात काही बदललं असेल.

"शिफ्ट कितीची हाय?"

"नवाची."

"मंग आठच्या आत निघा लागन. सिलतऱ्याच्या बसचा भरोसा नसते." त्यांनी पत्राची घडी घातली, मला दिली आणि पुन्हा आडवे झाले. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे चालू," बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.